कचेरीतील हवा आणि कारकुनाची रजा

१३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने ज्या कायद्याचा आधार घेऊन करोनाविरुद्धची मोहीम उघडली, तो साथरोग कायदा १८९७ सालचा; मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला गेल्यानंतर काही महिन्यांतच तो घाईने संमत झाला होता. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. साथीच्या काळात आवश्यक वाटतील ते नियम करण्याची मुखत्यारी त्याने सरकारला दिली, ते नियम मोडणाऱ्यास शिक्षा ठरवली आणि अखेरच्या कलमात, या कायद्याखाली सद्भावनेने काम करणाऱ्या इसमाविरुद्ध दावा अथवा फिर्याद चालणार नाही, असे अभय दिले. अंमलदाराला कोर्टापासून वाचवणाऱ्या या कायद्यात त्याच अंमलदाराला, त्याच्या कारकुनाला आणि दारावरच्या शिपायाला रोगापासून वाचवणारे एकही कलम नव्हते. २०२० च्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांवर हात उगारणाऱ्यास कडक शिक्षा ठेवली, हे योग्यच झाले. परंतु ज्या खोलीत कर्मचारी रोज आठ तास बसतो त्या खोलीच्या हवेविषयी कायदा पूर्वीइतकाच मूक राहिला.

हा मूकपणा सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना विशेष जाचणारा आहे. पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांतील नोकरवर्ग एका आठवड्यात घरी बसून काम करू लागला. परंतु तहसील कचेरीतला अव्वल कारकून, सजाचा तलाठी, दुय्यम निबंधकाकडे दस्त तपासणारा लिपिक, मध्यवर्ती बँकेच्या तालुका शाखेतला रोखपाल, विकास सोसायटीचा सचिव, साखर कारखान्याच्या शेती खात्यात उसाच्या नोंदी घेणारा मदतनीस, यांचे काम घरी नेण्याजोगे नव्हते, कारण त्यांचे दप्तर कपाटात होते आणि त्यांचा पक्षकार, खातेदार, सभासद समोर उभा होता. अशा माणसाला साथीच्या काळात जपायचे, तर त्याच्या वैयक्तिक दक्षतेवर विसंबून भागत नाही. त्याचे रक्षण मुख्यतः दोन गोष्टींनी होते: कचेरीत हवा खेळती असली पाहिजे, आणि आजारी पडताच घरी राहण्याची मुभा वेतनासह मिळाली पाहिजे. या दोन्ही गोष्टी त्याच्या हातात नसून कचेरीच्या मालकाच्या हातात आहेत, आणि करोनाच्या दोन वर्षांत या दोहोंकडेच सर्वांत कमी लक्ष गेले, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मुलखाला साथी नव्या नाहीत. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके ज्या जुन्या सातारा जिल्ह्यात मोडत, त्याची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत सव्वाबारा लाखांच्या आसपास होती, ती १९०१ मध्ये साडेअकरा लाखांच्याही खाली आली. दुष्काळ आणि प्लेग यांनी मिळून ही तूट पाडली. खंडाळा तालुक्यातील नायगावच्या लेक सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी पुण्याजवळ निवर्तल्या. प्लेगची चाहूल लागताच गावेच्या गावे घरांना कड्या घालून रानात झोपड्या बांधून राहत. त्या लोकांना पिसवांचे शास्त्र ठाऊक नव्हते. तरीही कोंदट घर सोडून उघड्यावर जाण्याची त्यांची समजूत पुष्कळ अंशी प्राणरक्षक ठरली. सरकारी बंदोबस्ताचे लक्ष मात्र घरझडती, सामानाची जाळपोळ आणि प्रवाशांची तपासणी यांवरच अधिक राहिले.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाची हकिकत तर कचेऱ्यांच्या दृष्टीने अधिकच बोधक आहे. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईत प्रथम आजारी पडले ते पोलिसांतले काही शिपाई, आणि त्यांच्या पाठोपाठ पुढच्या दोन आठवड्यांत हा ताप एका जहाज कंपनीच्या, पोर्ट ट्रस्टच्या, एका विलायती बँकेच्या, तारखात्याच्या आणि टाकसाळीच्या नोकरवर्गात शिरला. म्हणजे ज्या साथीने पुढे हिंदुस्थानात कोटीहून अधिक माणसे नेली, तिने मुंबई शहरात पाय ठेवला तो बऱ्याच अंशी कचेऱ्यांच्या वाटेने. एका दालनात ओळीने टेबले मांडून बसलेली माणसे, समोर अखंड वाहणारी लोकांची रांग, आणि एकाने गैरहजर राहिल्यास दुसऱ्याचे काम अडेल अशी कामाची वाटणी, ही मांडणी श्वासातून पसरणाऱ्या रोगाला सर्वांत सोयीची असते. शंभर वर्षांनी तीत फरक पडला, तो हवा कमी होण्याच्या दिशेने.

कारण जुनी कचेरी ही मुळात हवेच्या हिशेबाने बांधलेली असे. दगडी भिंत, पंधरा फूट उंचीचे छत, समोरासमोर दारे, छताखाली झरोके, खिडक्यांना झिलमिल्या आणि पुढे लांबच्या लांब ओसरी, ज्या ओसरीवर अर्जदार आपल्या पाळीची वाट पाहत बसत. पंखा नसलेल्या काळात माणसाला बारा महिने बसता यावे म्हणून केलेली ती रचना होती. गेल्या तीस-चाळीस वर्षांत याच इमारतींत, अथवा त्यांच्या आवारात उठलेल्या नव्या इमल्यांत, छत खाली आले, ओसरी बंदिस्त करून तिच्यात रेकॉर्ड रूम झाली, मोठ्या दालनाचे प्लायवूडचे पार्टिशन घालून सहा कप्पे पाडले गेले, आणि लाकडी खिडकीच्या जागी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आली, जी कितीही सरकवली तरी निम्मीच उघडते. साहेबांच्या केबिनला वातानुकूलन यंत्र बसले. आपल्याकडे सर्रास बसवली जाणारी ही यंत्रे बाहेरची हवा आत घेत नाहीत, आतलीच हवा थंड करून फिरवतात, ही गोष्ट ज्यांनी त्यांच्या खरेदीला मंजुरी दिली त्यांच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

आणि हे त्या प्रदेशात घडले, जेथे रोग्यांना हवेसाठी मुद्दाम आणले जात असे! सातारा जिल्ह्यातील पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर आरोग्यधाम काढले. सांगली आणि मिरज यांच्या मध्ये वॉनलेसवाडीला, मिरजेचे मिशन इस्पितळ उभारणाऱ्या डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या नावाने, क्षयरोग्यांचे आरोग्यधाम उभे राहिले. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागेपर्यंत क्षयाला औषध नव्हते. होती ती विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा. हवेने क्षय बरा होत असे असे म्हणता येणार नाही. परंतु मोकळ्या हवेत एकाचा रोग दुसऱ्यास सहसा जडत नाही, हे अनुभवाने कळले होते, आणि पुढे ते प्रयोगानेही सिद्ध झाले. १९५० च्या दशकात अमेरिकेतील बाल्टिमोर येथे क्षयरुग्णांच्या वॉर्डातील हवा नळीवाटे वरच्या मजल्यावर नेऊन गिनिपिगांच्या पिंजऱ्यांत सोडण्यात आली. रुग्णांचे तोंडही न पाहिलेले ते प्राणी एकामागून एक क्षयाने बाधित झाले, आणि तीच हवा अतिनील किरणांतून नेल्यावर दुसऱ्या पिंजऱ्यातील प्राणी निरोगी राहिले. एवढे ज्ञान हाताशी असताना २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोना हवेतून पसरत नाही असे ठामपणे जाहीर केले, आणि तिने ही भूमिका पुरती बदलण्यास एक वर्षाहून अधिक काळ घेतला. या एका चुकीची किंमत जगातल्या कचेऱ्यांनी मोजली.

त्याच मार्च महिन्यात दक्षिण कोरियाच्या राजधानीत एक उदाहरण घडले होते. सोल येथील एका उंच इमारतीच्या अकराव्या मजल्यावर दूरध्वनीवरून ग्राहकांना उत्तरे देणारे एक कार्यालय होते. तेथल्या २१६ कर्मचाऱ्यांपैकी ९४ जणांना लागण झाली, आणि बाधितांपैकी बहुतेक जण मजल्याच्या एकाच बाजूच्या दालनात बसणारे होते. त्याच लिफ्टने चढणाऱ्या-उतरणाऱ्या, त्याच दरवाजाला हात लावणाऱ्या इतर मजल्यांवरील शेकडो लोकांची तपासणी केली असता बाधित निघाले ते अवघे तीन. लिफ्टची कळ आणि दाराची मूठ यांच्यापेक्षा, एका बंद दालनात दिवसभर बोलत बसणे किती घातक, हे याहून उघडपणे दिसणे शक्य नव्हते.

आपल्याकडे इस्लामपूरने हीच गोष्ट घराच्या पातळीवर दाखवली. २३ मार्च २०२० रोजी परदेशातून परतलेल्या एका कुटुंबातील चौघे बाधित आढळले आणि आठवडाभरात, मुख्यतः त्याच गोतावळ्यात, हा आकडा पंचवीसवर गेला. तेव्हा सांगलीच्या प्रशासनाने जी तत्परता दाखवली तिची प्रशंसा केली पाहिजे: गाव बंद झाले, घरोघर चौकशी झाली, मिरजेच्या शासकीय रुग्णालयात उपचारांची आणि वैद्यकीय महाविद्यालयात चाचणीची सोय झाली, आणि एप्रिलच्या मध्यापूर्वी त्यांतले बहुतेक जण बरे होऊन घरी गेले. परंतु ती तत्परता राबवणारी माणसे ज्या खोल्यांत बसून याद्या करीत होती, त्या खोल्यांचा विचार कोणी केला नाही. एका छताखाली, एका पंगतीत, एका हवेत राहणाऱ्यांना रोग गाठतो हा इस्लामपूरचा धडा कचेरीलाही लागू होता; कारण कचेरी हेही दिवसाचे आठ तास एकत्र नांदणारे बिऱ्हाडच आहे.

मग केले काय? अंगावर औषध फवारणारे बोगदे अनेक ठिकाणी उभे राहिले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० रोजी माणसांवर अशी फवारणी करू नये, ती निरुपयोगी व अपायकारक आहे, असे बजावल्यावर ते हळूहळू गेले. टपाल इस्त्रीखालून काढले गेले, नस्त्या दोन-दोन दिवस उन्हात ठेवल्या गेल्या, दारावर तापमान मोजण्याचे यंत्र घेऊन शिपाई उभा राहिला, आणि कित्येकदा तोच शिपाई दिवसभरात शेकडो तोंडांसमोर साध्या सुती पट्टीनिशी उभा असे. प्रत्येक खिडकीवर पारदर्शक पत्रा बसला. या पत्र्याचा अनुभव सांगण्यासारखा आहे. त्याच्या तळाशी कागद-पैसे सरकवण्यापुरती फट असे. पलीकडचे ऐकू येईना म्हणून खेड्यावरून आलेला वयस्क खातेदार त्या फटीशी वाकून, मुखपट्टी हनुवटीवर ओढून, मोठ्याने आपला खातेक्रमांक सांगे, आणि आतला लिपिकही कान फटीशी आणून तेवढ्याच मोठ्याने प्रत्युत्तर देई. दोघांच्या चेहऱ्यांतले अंतर पत्र्यापूर्वी चार फूट होते, ते आता एका विटेपुरते उरले. शिवाय टेबलाटेबलांमध्ये असे पत्रे उभे केल्याने पंख्याची आणि खिडकीची जी थोडी हवा फिरत होती तीही जागोजाग अडली.

दुपारचा डबा ही दुसरी गोष्ट. सकाळभर मुखपट्टी नाकावरून खाली न येऊ देणारी माणसे दीड वाजता एका लहानशा खोलीत जमत, दार लोटून घेत, आणि भाकरी, ठेचा, उसळ मध्ये ठेवून अर्धा तास बोलत बसत. यात त्यांचा दोष नाही. सोबतीने जेवणे ही कचेरीतील एकमेव विसाव्याची वेळ; तेवढ्यासाठी ओसरी मोकळी ठेवली असती अथवा दोन पाळ्यांत डबा खाण्याची सोय केली असती, तर लागणीचे एक मोठे कारण छदामही खर्च न करता टळले असते.

हजेरीच्या टक्केवारीचा उपाय मात्र खरोखर उपयुक्त होता, हे नमूद केले पाहिजे. मार्च २०२० मध्ये शासकीय कार्यालयांतील हजेरी निम्म्यावर, मग पावावर, शेवटी पाच टक्क्यांवर आणली गेली; दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा १५ टक्क्यांवर आली. खोलीत माणसे कमी म्हणजे उच्छ्वास कमी. पण सहकारी संस्थांच्या दुनियेला साथ दोन्ही वेळा नेमकी मार्चअखेरीच्या तोंडावर भेटली, आणि मार्चअखेर म्हणजे काय ते कृष्णाकाठच्या वाचकाला सांगायला नको. पीककर्जाचा भरणा, व्याजसवलतीची मुदत, ठेवींचे नूतनीकरण, ताळेबंद, कारखान्याची बिले, या सर्वांनी त्या पंधरवड्यात शाखेत पाय ठेवायला जागा नसते आणि रात्री दहापर्यंत दिवे जळत असतात. २०२१ ची लाट फेब्रुवारीत दिसू लागली होती. भरण्याची मुदत गावनिहाय वाटून देणे, पैसे ओसरीवर स्वीकारणे, हिशेबाचे काम दोन पाळ्यांत लावणे, यास अवधी होता. ज्यांनी ते केले त्यांचे कौतुक आहे. पुष्कळांनी केले नाही.

आता रजेचा प्रश्न. इंग्रजी अमदानीपासून चालत आलेल्या सरकारी नियमांत एक शहाणपणाची तरतूद होती. कर्मचाऱ्याच्या घरात प्लेग, पटकी, देवी यांसारखा सांसर्गिक रोग उद्भवला, तर आरोग्य अधिकाऱ्याच्या दाखल्यावर त्यास २१ दिवसांपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत ३० दिवसांपर्यंत, कचेरीत न येण्याची रजा मिळे. ती त्याच्या खात्यातून वजा होत नसे आणि त्याचे वेतन चालू राही. या नियमामागील विचार मला फार मोलाचा वाटतो. तो माणूस स्वतः आजारी नसे. त्याला घरी ठेवणे हा त्याच्यावर उपकार मानला जात नसे, कचेरीतल्या इतरांना सुरक्षित ठेवण्याचा तो खर्च समजला जाई, आणि म्हणून तो सरकारने सोसावा हे ओघाने आले. करोनाच्या काळात सरकारी सेवेत आदेशांनी या धर्तीची सोय कमीअधिक झाली. पण दोन जिल्ह्यांतला बहुसंख्य नोकरवर्ग सरकारी कायम सेवेत नाहीच. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत वर्षाला आठ दिवसांची नैमित्तिक रजा दिली होती. कोविडचे विलगीकरण चौदा दिवसांचे होते. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते, परंतु ते दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या विमाधारकासच, आणि तेही तो स्वतः आजारी असेल तर. कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर, पतसंस्थेचा पिग्मी एजंट, रोजंदारीवरचा शिपाई यांना यांतले पुष्कळदा काहीच लागू पडत नाही. घसा दुखू लागलेल्या अशा माणसाने कामावर जाऊ नये असा उपदेश करणे सोपे आहे. त्याची रोजी बुडते हे लक्षात घेतले म्हणजे तो उपदेश क्रूर वाटू लागतो. तो गोळी घेऊन येतो, दिवसभर खोकला दाबून बसतो, आणि आठवड्याने सारी शाखा अंथरुणावर असते.

२९ मे २०२० च्या निर्णयाने महाराष्ट्र शासनाने कोविडच्या कर्तव्यावर असताना मृत्यू पावलेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला ५० लाख रुपये देण्याचे ठरवले. मृताच्या मुलाबाळांचा विचार करणारे ते पाऊल योग्य होते. पण त्या पन्नास लाखांत किती कचेऱ्यांच्या भिंतींना बाहेर हवा फेकणारे पंखे बसले असते, याचा हिशेबही त्याच टेबलावर व्हायला हवा होता. केंद्र शासनाच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने २० मे २०२१ रोजी साध्या भाषेत सल्ला प्रसिद्ध केला: दारे-खिडक्या उघडा, हवा बाहेर काढणारे पंखे लावा, बंद खोलीत यंत्राची थंड हवा फिरवत बसू नका, कारण सूक्ष्म तुषार दहा मीटरपर्यंत वाहून जाऊ शकतात. हा सल्ला आला तेव्हा दुसऱ्या लाटेने घराघरांत हाहाकार उडवला होता.

कोणी म्हणेल, आमच्याकडे खिडकी उघडणे इतके सोपे नाही. ते खरे आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाटण, जावळीकडच्या कचेरीत जुलैमध्ये खिडकी उघडली तर दप्तर भिजते. उलट जत, आटपाडी, माण, खटाव इकडे एप्रिलची झळ आणि धूळ कागदासह माणसालाही भाजून काढते. पहिल्या लाटेचा जोर या दोन्ही जिल्ह्यांत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात होता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु याच पावसात आणि याच उन्हात जुन्या कचेऱ्या चालत होत्या. पाऊस अडवून वारा आत घेणारी तिरप्या फळ्यांची झिलमिली गवंडी-सुतारांना अजून करता येते, खोलीतली शिळी हवा बाहेर ओढणारा पंखा दोन-तीन हजारांत मिळतो, आणि हवा कितपत खेळती आहे हे पाहण्यासाठी कर्बवायू मोजणारे छोटे यंत्र काही हजारांत येते. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण दशलक्षात सुमारे ४२० असते. खोलीत ते हजाराच्या वर गेले, तर तेथे माणसांच्या मानाने ताजी हवा कमी पडत आहे आणि आपण एकमेकांचाच उच्छ्वास आत घेत आहोत असे समजावे. एक यंत्र घेऊन एक माणूस आठवड्याभरात तालुक्यातल्या प्रमुख कचेऱ्यांची पाहणी करू शकेल. आगीच्या बंदोबस्ताची तपासणी आपण करतो, लेखापरीक्षण करतो. हवेचे परीक्षण करण्यास कोणता नियम आड येतो?

२००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, आणि त्यानंतर अकरा वर्षांनी करोना आला. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती श्वासावाटे येणारी असेल तर ती याच खोल्यांत, याच टेबलांवर बसलेल्या माणसांना प्रथम गाठील. म्हणून दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना, जिल्हा परिषदांना आणि सहकारी बँकांच्या संचालक मंडळांना माझी विनंती आहे की, साथ नसतानाच प्रत्येक कचेरीची हवा मोजून तिची नोंद दारावर लावावी, बंद केलेल्या ओसऱ्या मोकळ्या कराव्यात, आणि सांसर्गिक रोगाच्या वेळची ती जुनी भरपगारी रजा कंत्राटी व रोजंदारी माणसांसह सर्वांना लागू करावी. आणि वाचकहो, आपण ज्या पतसंस्थेचे अथवा सोसायटीचे सभासद असाल तिची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत भरेल; त्या सभेत लाभांशाबरोबर हेही विचारा की, आपल्या शाखेतल्या किती खिडक्या उघडतात आणि ताप आलेल्या लिपिकाला किती दिवस पगारासह घरी राहता येते, आणि मिळालेले उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.